बालाघाटच्या स्वयंपाकघरातील वायरिंगचा इतिहास

घरगुती वायरिंगचा आराखडा भारतात आधी दिवा आणि पंखा यांच्यासाठी तयार झाला. स्वयंपाकघराच्या वाट्याला त्यात एक बल्ब आणि दाराजवळचे एक बटण एवढेच आले. पुढच्या सहा-सात दशकांत घरातली सर्वांत जास्त वीज ओढणारी उपकरणे याच खोलीत गोळा झाली, पण भिंतीतली तार बहुतेक घरांत मागच्या पिढीच्या गरजेचीच राहिली. उपकरण पुढे आणि वायरिंग मागे, हे अंतर कसे पडले आणि नियम, साहित्य व कारागिरी यांनी ते कसे भरत आणले, याचा माग मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात चांगला लागतो. देशातील सर्वांत मोठी तांब्याची खाण याच जिल्ह्यात आहे, जमिनीखालच्या विजेला कडक शिस्त लावणाऱ्या मँगनीजच्या खाणीही इथेच आहेत, आणि ग्रामीण विद्युतीकरणाचा प्रत्येक टप्पा इथल्या घरांनी पाहिला आहे.

चुलीचे घर

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये मध्य प्रांतात भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. त्याआधी, १८५३ पर्यंत, हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या गावाचे जुने नाव बुढा. वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा पट्टा आणि त्यावरचा सातपुड्याचा डोंगराळ भाग असे जिल्ह्याचे दोन तुकडे पडतात. वारासिवनी, कटंगी, लांजी या भागांचे गोंदिया-भंडाऱ्याशी सोयरिकीचे आणि बाजाराचे नाते जुने आहे. मराठी, पोवारी आणि हिंदी येथे शेजारी नांदतात. बैहर-परसवाड्याकडे गोंड आणि बैगा वस्ती आहे.

या भागातले जुने घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, लाकडी फाट्यांवर कवेलूचे छत आणि मागच्या बाजूला स्वयंपाकाची खोली. चुलीचा धूर कवेलूंच्या फटींतून बाहेर जाई. धान कांडायला ढेकी, दळायला जाते आणि वाटायला पाटा-वरवंटा असे. न्हाणी आणि भांडी घासायची जागा स्वयंपाकाच्या खोलीला लागूनच. या रचनेचा पुढे वायरिंगशी थेट संबंध आला. विजेचा मीटर आणि मेन स्विच नेहमी घराच्या दर्शनी भागात बसतो. स्वयंपाकघर मागे असल्यामुळे तारेची सर्वांत लांब धाव तिथवरच होते आणि दाब कमी होण्याचा धोकाही तिथेच जास्त. धूर, तेलकट वाफ, ओल आणि उंदीर हे वायरिंगचे चारही शत्रू त्याच खोलीत. मातीची भिंत खिळा धरत नाही, त्यामुळे तार पक्की बसवणे अवघड. धानाच्या घरांत तणस साठवण्याची रीत असल्यामुळे ठिणगीला इंधनही जवळच असते.

कायदा, मंडळ आणि सीमा

कोलकात्यात सार्वजनिक वीजपुरवठा १८९९ मध्ये सुरू झाला. पाठोपाठ १९०३ चा आणि मग १९१० चा भारतीय वीज कायदा आला. १९१० च्या कायद्याने पुरवठ्याचे परवाने, तारा आणि सुरक्षितता यांची चौकट घातली. घरातल्या वायरिंगचे तपशील नियमांत आले, अधिक विस्ताराने १९५६ च्या भारतीय वीज नियमांत. स्वातंत्र्यापूर्वी वीज मुख्यतः मोठ्या शहरांतल्या खासगी परवानाधारक कंपन्यांची होती. मध्य प्रांताच्या राजधानीत, नागपुरात, नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी वीज पुरवत असे. धानाच्या पट्ट्यातल्या खेड्यांपर्यंत तार नेण्यात कंपन्यांना नफा दिसत नव्हता.

हे चित्र १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने बदलले. राज्यांनी स्वतःची वीज मंडळे काढावीत, असे त्याने ठरवले. मध्य प्रदेशाचे मंडळ १९५० मध्ये स्थापन झाले. तेव्हा राज्याची राजधानी नागपूर होती आणि नागपूरजवळच्या खापरखेड्याचे औष्णिक केंद्र उभे राहत होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि त्याची वीज जबलपूरला मुख्यालय असलेल्या मंडळाच्या हाती आली. चाळीसेक किलोमीटरवरच्या गोंदियाचा पुरवठा १९६० नंतर महाराष्ट्र राज्य वीज मंडळाकडे गेला.

कारागिरांच्या दृष्टीने सीमा पडली ती परवान्यांची. १९५६ च्या नियमांतील ४५ व्या नियमाप्रमाणे वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, करायचे असे. हे परवाने प्रत्येक राज्य आपापले देते. नियम केंद्राचे असल्याने कामाची पद्धत मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ‘वायरमन’ आणि ‘इलेक्ट्रिशियन’ हे अभ्यासक्रम आले आणि बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या या विद्येला छापील अभ्यासक्रमाची जोड मिळाली.

केसिंग, पट्टी आणि किटकॅट

पहिल्या काळातल्या बंगल्यांत आणि सरकारी इमारतींत लाकडी केसिंग-कॅपिंग असे. लाकडाच्या पट्टीत दोन खाचा, एकीत फेज आणि दुसरीत न्यूट्रल, वरून लाकडाचेच झाकण. आतली तार रबराचे वेष्टन असलेली आणि वरून सुती विणीची. ओल शिरली की लाकूड फुगे, वाळवी लागे आणि झाकणाचा खिळा कधी तारेतच घुसे. स्वस्त कामात चिनी मातीच्या क्लीटवर उघड्या तारा ओढत.

मध्यमवर्गीय घरांत रुजली ती पट्टी फिटिंग. भिंतीत लाकडी गुल्ल्या ठोकून त्यांवर सागवानी पट्टी बसवत आणि पट्टीवर दर दहा सेंटिमीटरला पत्र्याची क्लिप मारून तार ताणत. मातीच्या भिंतीला हाच मार्ग सोयीचा होता, कारण पट्टीचा भार लाकडी फाट्यांवर आणि चौकटींवर टाकता येई. तार उघडी असल्यामुळे दोष डोळ्यांना दिसे, हा तिचा मोठा गुण. स्वयंपाकघरात मात्र धुराचा थर चढून रबर कडक होई, भेगा पडत आणि तांबे उघडे पडे. पुढे पीव्हीसी वेष्टनाच्या तारांनी रबराची जागा घेतली, त्यानंतर भिंतीवरून किंवा भिंतीच्या आतून जाणारे पीव्हीसी पाइप आले. ओलीपासून तार वाचली, पण सांधा कुठे आहे, तार किती जाड आहे, हे घरमालकाला दिसेनासे झाले.

संरक्षण म्हणजे चिनी मातीचा किटकॅट. त्यातली बारीक तार जास्त प्रवाहाने वितळली की पुरवठा थांबे. या साध्या साधनाचे दोन दोष स्वयंपाकघराला भोवले. पहिला दोष माणसाच्या स्वभावातला. हीटर लावला की फ्यूज उडतो, म्हणून फ्यूजमध्ये जाड तार घालण्याची सवय घरोघरी लागली. फ्यूज वितळायचा थांबला आणि तापण्याचे काम भिंतीतल्या तारेवर आले. दुसरा दोष जुन्या आखणीतला. फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर फ्यूज असत. न्यूट्रलचा फ्यूज आधी गेला तर उपकरण बंद पडे, पण त्याच्या आत फेज जिवंत राही, आणि ‘वीज नाही’ असे समजून हात घालणाऱ्याला झटका बसे. १९५६ च्या नियमांनी न्यूट्रलवर स्वतंत्र फ्यूज किंवा स्विच ठेवायला मनाई केली, तरी जुनी बोर्डे पुढे बराच काळ टिकली.

अर्थिंगची कथा अशीच. नियमाप्रमाणे घराला स्वतंत्र भूसंपर्क हवा. आयएस ३०४३ या १९६६ च्या मानकात जस्ताचा मुलामा दिलेला सुमारे अडीच मीटर लांबीचा लोखंडी पाइप जमिनीत पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरण्याची पद्धत दिली आहे. प्रत्यक्षात अनेक घरांत अर्थची तार लोखंडी नळाला गुंडाळली जाई. नळ जमिनीतून आलेला असेपर्यंत हे कसेबसे चाले. पाण्याचे पाइप प्लॅस्टिकचे झाले तेव्हा ही अर्थ कोणाच्याही लक्षात न येता तुटली. नळाला बांधलेली तार तशीच राहिली, पण दोषी उपकरणाचा प्रवाह जमिनीत जाण्याऐवजी नळाच्या तोटीपर्यंत येऊ लागला. भातशेतीच्या पट्ट्यात पावसाळ्यात जमीन ओली असल्याने अर्थ चांगली लागते. उन्हाळ्यात तीच माती वाळून भेगाळली की तिचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी रीत त्यासाठीच होती.

लाइट वेगळी, पॉवर वेगळी

देशातल्या अनेक वीज कंपन्या पूर्वी दिवे-पंख्यांसाठी एक दर आणि उष्णतेच्या उपकरणांसाठी दुसरा, स्वस्त दर आकारत. त्यासाठी मीटर दोन आणि वायरिंगही दोन लागे. दर एक झाले तसे मीटर एक झाले. बांधणारा खर्च वाचवू पाहत असल्याने दुसरी वायरिंगही बहुतेक ठिकाणी गळाली. तिची आठवण उरली ती ५ आणि १५ अँपिअरच्या दोन आकारांच्या थ्री-पिन सॉकेटांत.

हे गोल पिनांचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे. ब्रिटनने स्वतः मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर ते सोडले. युद्धोत्तर घरबांधणीची तयारी करणाऱ्या समितीचा अहवाल १९४४ मध्ये आला. समितीत कॅरोलाइन हॅस्लेट या एकमेव महिला सदस्य होत्या आणि घरातल्या बायकामुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा त्यांनी लावून धरला होता. तांब्याची टंचाई होती, त्यामुळे सर्व सॉकेटे एका वेढ्यातल्या तारेवर घ्यायची आणि प्रत्येक प्लगमध्ये स्वतंत्र फ्यूज ठेवायचा, असे ठरले. १९४७ मध्ये तिथे चौकोनी पिनांचा १३ अँपिअरचा प्लग प्रमाण झाला.

भारताने गोल पिना ठेवल्या आणि त्यांचे मानक आयएस १२९३ मध्ये बांधले. आकडे पुढे ६ आणि १६ अँपिअर झाले. इथल्या प्लगात फ्यूज नाही. त्यामुळे उपकरणाच्या लवचीक दोरीचे रक्षण बोर्डावरच्या फ्यूजने किंवा एमसीबीनेच (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचने) करायचे असते, आणि सर्किटाची विभागणी चुकली तर ती दोरी उघडी पडते. आयएस ७३२ या वायरिंगच्या मानकाने ही विभागणी सांगितली आहे. दिवे, पंखे आणि लहान सॉकेटे मिळून एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॅटच्या आत हवा. पॉवर सर्किटवर दोनपेक्षा जास्त सॉकेटे नकोत आणि भार साधारण ३००० वॅटपर्यंतच हवा. स्वयंपाकघराच्या आखणीचा पाया आजही याच दोन वाक्यांत आहे.

मिक्सर, फ्रिज आणि हीटर

गोदरेजने १९५८ मध्ये देशी बनावटीचा फ्रिज बाजारात आणला. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने ‘सुमीत’ मिक्सर घडवला. हळद, सुके खोबरे, भिजवलेली डाळ अशा भारतीय वाटणाला परदेशी यंत्रे पुरी पडत नव्हती, त्यामुळे या मिक्सरला जोरदार मोटर दिली होती. जिल्ह्याच्या गावांत ही उपकरणे बहुधा लग्नातल्या आंदणाबरोबर आली. घराचे वायरिंग आधीचे, उपकरण नंतरचे. ओट्याजवळ पॉवर पॉइंट नव्हता, म्हणून फ्रिज मधल्या खोलीत बसला. मिक्सर बल्बच्या बोर्डावरच्या टू-पिनला लागला. मोठा प्लग लहान सॉकेटात बसेना, तेव्हा प्लग कापून उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी भोकांत अडकवण्याचा उपाय निघाला. या सगळ्यात तिसरी पिन, म्हणजे अर्थ, गळून पडली. फ्रिजचे अंग पत्र्याचे, मिक्सरवर हात ओला, पायाखाली ओली फरशी. अर्थची खरी गरज होती तिथेच ती नव्हती.

सर्वांत जास्त भार टाकला तो उघड्या कॉइलच्या हीटरने. चिनी मातीच्या ताटलीत निक्रोमची गुंडाळी, किंमत थोडी आणि स्वयंपाक जलद. रॉकेल-लाकडाची चणचण असली की तो बाहेर निघे. १००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेतो, २००० वॅटचा ८.७ अँपिअर. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. दिव्यासाठी घातलेल्या तारेवर हा हीटर तासभर चालला की वेष्टन मऊ पडे आणि सांध्यांवर काळे डाग उठत. शिवाय गुंडाळी उघडीच असल्यामुळे पातेल्यातली पळी धातूची असली तर झटका थेट हाताला बसे.

तांब्याच्या जिल्ह्यात ॲल्युमिनियम

१९६० च्या दशकात परकीय चलनाची टंचाई होती आणि तांबे मोठ्या प्रमाणात आयात होत असे. ॲल्युमिनियम देशात तयार होई. म्हणून वीजवाहिन्यांबरोबर घरगुती वायरिंगमध्येही ॲल्युमिनियमच्या तारा आल्या आणि पुढची दोनेक दशके साध्या घरांत त्याच चालल्या. याच काळात बालाघाट जिल्ह्याच्या बिरसा तालुक्यातल्या मलाजखंडच्या तांब्याचे महत्त्व वाढत गेले. सरकारी हिंदुस्तान कॉपर कंपनी १९६७ मध्ये स्थापन झाली आणि मलाजखंडची विशाल उघडी खाण १९८२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. खनिज इथे निघते, दळून त्याचे सांद्र रूप तयार होते. धातू गाळण्यासाठी ते जिल्ह्याबाहेर जाते. देशाला तांबे देणाऱ्या जिल्ह्यातल्या सामान्य घरांत त्या काळी ॲल्युमिनियमची पट्टी फिटिंग होत होती.

ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के आहे. तार एक माप जाड घेतली तर ही उणीव भरून निघते. खरी अडचण सांध्यांची आहे. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज अडवतो. स्क्रूखाली दाबलेली तार गरम-थंड होता होता दबते आणि पकड सैल पडते. पितळी टर्मिनलशी ओलाव्यात तिची रासायनिक झीजही होते. बैठकीच्या खोलीत या गोष्टी वर्षानुवर्षे निभावून जातात. स्वयंपाकघरात वाफ रोजची आणि भार दिवसातून अनेकदा चढता-उतरता, त्यामुळे सैल सांधा तापतो, तापल्याने आणखी सैल होतो आणि शेवटी सॉकेट जळते. प्लगजवळ पिवळसर-तपकिरी झालेले बेकलाइट ही त्याची ओळखीची खूण. आज घरातल्या नव्या कामासाठी तांब्याचीच तार वापरतात. जुन्या ॲल्युमिनियमला नवी तांब्याची तार पीळ मारून जोडणे हा मात्र अजूनही होणारा आणि धोक्याचा प्रकार आहे.

खाणीतले संरक्षण आणि घरातले

बालाघाट शहराजवळची भरवेलीची मँगनीज खाण देशातल्या प्रमुख भूमिगत खाणींपैकी एक आहे. उकवा आणि तिरोडी याच जिल्ह्यातल्या. खासगी कंपनीकडून हा व्यवसाय १९६२ मध्ये सरकारी सहभागाच्या मॉइल कंपनीकडे आला. खाणीतल्या विजेसाठी १९५६ च्या नियमांत स्वतंत्र प्रकरण होते. ओल, अंधार आणि लोखंडी यंत्रे एकत्र असल्याने तिथे अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडण्याची व्यवस्था यांवर कटाक्ष होता. नियमांच्या दृष्टीने पाहिले तर खाणकामगार जमिनीखाली जितका सुरक्षित होता तितका तो संध्याकाळी घरी मिक्सर लावताना नव्हता. किटकॅट किंवा एमसीबी जास्त प्रवाह तोडतात. माणसाच्या अंगातून जाणारा काही शतांश अँपिअरचा प्रवाह त्यांना जाणवतही नाही, आणि जीव घ्यायला तेवढा पुरतो.

खाणीतून घरात हे संरक्षण आणण्याचा मार्ग दक्षिण आफ्रिकेने दाखवला. १९५० च्या दशकात तिथल्या सोन्याच्या खाणींतल्या अपघातांमुळे हेन्री रुबिन यांनी गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे साधन विकसित केले, आणि स्टिलफाँटेन या खाणवसाहतीतल्या घरांत त्याची अधिक संवेदनशील आवृत्ती बसवली गेली. अमेरिकेत चार्ल्स डॅल्झिएल यांनी मानवी शरीर किती प्रवाह सहन करते याचा अभ्यास करून १९६१ मध्ये असेच साधन तयार केले. तत्त्व सोपे आहे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला पाहिजे. फरक पडला तर तो दुसऱ्या वाटेने, कदाचित माणसातून, जमिनीत गेला आहे. साधन क्षणार्धात पुरवठा तोडते. घरासाठी हा फरक ३० मिलिअँपिअर धरतात. भारतात आरसीसीबी या नावाने ते मिळते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांनी ठरावीक भारावरच्या जोडण्यांना गळती-संरक्षण बंधनकारक केले आहे.

एका बत्तीपासून इंडक्शनपर्यंत

खेड्यांतल्या गरीब घरांत वीज पोचली ती एका बत्तीच्या रूपाने. केंद्राची कुटीर ज्योती योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एका दिव्याची जोडणी, एवढाच तिचा आवाका. २००५ नंतर राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेने आणि सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या सौभाग्य योजनेने बैहर, परसवाडा, बिरसा अशा दुर्गम तालुक्यांतल्या घरांपर्यंत मीटर नेला. सौभाग्यमध्येही सर्व्हिस केबल, मीटर आणि एका पॉइंटचे वायरिंग एलईडी दिव्यासह मिळे. घरात पुढचा पॉइंट घेतला तो बहुधा घरच्या कोणीतरी, मिळेल त्या तारेने.

मधल्या काळात विजेची टंचाई आडवी आली. २००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची वीजकेंद्रे तिकडे गेली. पुढची काही वर्षे मध्य प्रदेशात लोडशेडिंग तीव्र होते. २००३ ची विधानसभा निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’ यांवर लढली गेली. या काळात घरांत इन्व्हर्टर आले. दिव्यांच्या सर्किटात इन्व्हर्टर जोडताना पॉवर आणि इन्व्हर्टर यांचे न्यूट्रल एकत्र गुंफले गेले. पुढे त्याच घरांत आरसीसीबी बसवला की तो सतत पडू लागला, आणि कंटाळून तो काढून टाकण्याचे प्रकार झाले. दोष साधनात नव्हता, मिसळलेल्या न्यूट्रलमध्ये होता.

२०१३ च्या अटल ज्योती अभियानात शेतीचे फीडर वेगळे करून घरांना चोवीस तास वीज देण्याचा कार्यक्रम झाला. वीज भरवशाची झाली तशी स्वयंपाकघरातली उपकरणे वाढली. त्यात इंडक्शन शेगडीने जुन्या हीटरची जागा घेतली. तिची कॉइल उघडी नसते, भांडेच तापते, म्हणून ती हीटरपेक्षा सुरक्षित आहे. तारेवरचा भार मात्र तितकाच, १८०० ते २००० वॅट.

आजची आखणी

आजच्या आखणीची सुरुवात उपकरणांच्या यादीने होते. इंडक्शन २०००, किटली १५००, मायक्रोवेव्ह १२०० आणि मिक्सर ७५० वॅट एकाच वेळी चालले तर बेरीज ५४५० वॅट, म्हणजे जवळजवळ २४ अँपिअर होते. सगळी क्वचितच एकदम चालतात, पण सणावाराच्या सकाळी यांतली तीन सहज चालतात. ही बेरीज मंजूर भारापेक्षा जास्त असेल तर आधी वीज कंपनीकडून भार वाढवून घ्यावा लागतो. वर्षानुवर्षे तसाच राहिलेला एक-दोन किलोवॅटचा भार अशा स्वयंपाकघराला पुरत नाही.

त्यानंतर सर्किटांची विभागणी. दिवे, एक्झॉस्ट पंखा किंवा चिमणी आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र एका सर्किटवर, १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत. ओट्यावरच्या दोन पॉवर सॉकेटांना २.५ चौरस मिलिमीटरची तार आणि १६ अँपिअरचा एमसीबी. इंडक्शन किंवा ओव्हनला स्वतंत्र सर्किट; लांब धाव असेल तर ४ चौरस मिलिमीटर. फ्रिजलाही वेगळे सर्किट देणे चांगले, कारण ओट्यावरच्या दोषाने एमसीबी पडला तरी अन्न टिकते. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह घेते, म्हणून फ्रिज-मिक्सरच्या सर्किटाला सी प्रकारचा एमसीबी योग्य. एमसीबी तारेच्या क्षमतेवरून निवडायचा असतो. तो वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणे म्हणजे किटकॅटमध्ये जाड तार घालण्याचीच नवी आवृत्ती होय.

सॉकेटांच्या जागाही ठरलेल्या हव्यात. ओट्यापासून वीत-दीड वीत उंच, नळ आणि सिंकपासून दूर, शेगडीच्या मागे किंवा वर मुळीच नाही. सिलिंडर ठेवतात त्या कप्प्यात सॉकेट किंवा स्विच नको, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तळाशी साचतो. स्विचची ठिणगी तिथे पुरेशी ठरते. सॉकेटे झडपेची असावीत, तारा आयएस ६९४ प्रमाणित आणि आग सहज न धरणाऱ्या वेष्टनाच्या. फेजला लाल, न्यूट्रलला काळी आणि अर्थला हिरवी तार. उपकरणांच्या दोऱ्यांत हेच अनुक्रमे तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी असते. पाइपाच्या आत सांधा नको. जोड फक्त जंक्शन बॉक्समध्ये किंवा टर्मिनलवर. अर्थची तार प्रत्येक सॉकेटापर्यंत अखंड गेलेली हवी. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या सर्किटांचा न्यूट्रल वेगळा. गडगडाटी पावसाच्या या भागात मुख्य बोर्डावर सर्ज-संरक्षकही उपयोगी पडतो.

जुन्या मातीच्या घरात पाइप भिंतीत गाडता येत नाही. तिथे पीव्हीसीचे केसिंग-कॅपिंग किंवा भिंतीवरचा पाइप लाकडी चौकटीला आणि फाट्यांना धरून नेतात, आणि तणस किंवा सरपण ठेवतात त्या बाजूने तो फिरवत नाहीत. पूर्ण घराची तार बदलणे परवडत नसेल, तर मेन बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत एक नवी पॉवर लाइन, तिच्यावर आरसीसीबी आणि नवी अर्थ, एवढ्या खर्चातही मोठा धोका टळतो.

काम संपल्यावर तपासणी येते. तारांच्या वेष्टनाचा रोध ५०० व्होल्टच्या मेगरने मोजतात आणि तो एक मेगओहमपेक्षा कमी नसावा लागतो. प्रत्येक सॉकेटात फेज उजव्या भोकात आहे का, स्विच फेजवरच आहे का आणि अर्थ सलग आहे का, हे पाहतात. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो याची खात्री करतात आणि ही चाचणी पुढेही काही महिन्यांनी करत राहतात. कोणते सर्किट कुठे जाते याचा नकाशा बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावतात. नवे उपकरण घेताना या नकाशावर त्याला जागा आहे का हे आधी पाहिले, तर वायरिंग उपकरणांच्या मागे पडत नाही.